अंगणवाडीत आणखी एक बाई हवी

आमच्या रिसोडात, खरं तर सगळ्या वऱ्हाडातच, इंग्रजी नर्सरीला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. नन नाही, चर्च नाही, पण कॉन्व्हेंट! पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हसू येतं, येऊ द्या. हातात थोडे पैसे आले की लेकरू तीन वर्षांचं व्हायच्या आत ऑटोत बसून कॉन्व्हेंटला जायला लागतं. आणि अंगणवाडी? शेजारच्या आजींचं मत ऐका : "तिथं काय शिकोतात बाई? खिचडी खाऊन येतात लेकरं."

थोडक्यात, शिक्षण कॉन्व्हेंटात आणि खिचडी अंगणवाडीत अशी वाटणी लोकांनी मनात करून टाकली आहे. सरकारदरबारीही ती वेगळी नाही. आधी पोषण, मग जमलं तर शिक्षण. मला ही वाटणीच चुकीची वाटते.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या मराठीतला, हे अनेकांना ठाऊक नसतं. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, असा तो साधा विचार होता. तिथे स्वच्छता, खाणं, गाणी आणि खेळ यांचे वेगवेगळे विभाग नव्हते. नखं कापणं हाही धडाच होता.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, देशभरात ३३ प्रकल्पांपासून. नावातच ‘एकात्मिक’ आहे बरं का! सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आईला आरोग्य-आहाराची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण. नर्स आणि आशाताईंची मदत असते, पण रोजचा भार एका सेविकेवर आणि एका मदतनिसावर. सेविकेने वजनं घ्यायची, घरभेटी द्यायच्या, नोंदी भरायच्या, निवडणूक आली की मतदारयादीचंही बघायचं. २०२१ पासून त्यात पोषण ट्रॅकर ॲप आलं. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी ॲप याला वैतागून त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले होते, आठवत असेल. या सगळ्यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ आलं. दोन्हींचा हेतू चांगला आहे. पण काम वाढलं, हात तेवढेच राहिले.

याचा फटका कोणाला बसतो? आमच्याकडे सोयाबीन सोंगायला एक बाई येते. थोरला चार वर्षांचा, तो अंगणवाडीत जातो. धाकटी दीड वर्षाची. तीन वर्षांखालच्या मुलांना आहार घरी न्यायला मिळतो. ते पाकीट घरी येतं आणि पाच तोंडांत वाटलं जातं. सोंगणीच्या दिवसांत आई अंधारात निघते, धाकटीला आजी सांभाळते. दिवसभर चहात बुडवलेलं बिस्कीट. जुलाब लागले की दोन दिवस वाट बघायची, मग दवाखाना. मुलांची उंची खुंटते ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे ती अंगणवाडीत येऊन बसण्याआधीच. हिच्या घरी दर आठवड्याला कोणीतरी जायला हवं, आजीशी बोलायला हवं. कोण जाणार? सेविका गेली तर थोरल्याच्या वर्गात कोण?

आकडे मोजकेच देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३५.२. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ५३.८ वरून ६८.९ टक्के! आणि २०१८ साली केंद्राने ‘आकांक्षित’ म्हणून जे शंभरावर मागास जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते : गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आपलं वाशिम.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक अंगणवाडीत आणखी एक बाई नेमा. तिने फक्त तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवावं.

हे मनाचे मांडे नाहीत. तामिळनाडूत ३२० केंद्रं घेऊन हा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांना अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची बाई दिली. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी दीड वर्षाने तपासलं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं होतं. गंमत पुढेच आहे. केंद्रात टिकून राहिलेल्या मुलांत खुरटलेपण आणि तीव्र कुपोषणही कमी आढळलं. नेमणूक शिक्षणासाठी, आणि सुधारली तब्येतसुद्धा! कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याच्या कामाला सवड मिळाली.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. पण आज खर्च किती करतो तेही बघा. पूरक आहारासाठी २०१७ मध्ये केंद्राने ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. सेविकेचं केंद्राकडून ठरलेलं मानधन २०१८ मध्ये महिना ४५०० रुपये झालं, त्यावर राज्य आपली भर घालतं. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातल्या सेविकांना २०२३ च्या डिसेंबरपासून पन्नासेक दिवस संप करावा लागला. तामिळनाडूच्या प्रयोगात खर्चाच्या कितीतरी पट फायदा निघाला. आणि बाई गावातलीच असेल. बारावी होऊन घरी बसलेल्या सुना-मुली आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत.

दुसरी शंका मला स्वतःलाच येते. नवी बाईही रजिस्टरं भरण्यातच जुंपली गेली तर? म्हणून तिचं काम शिकवण्याचंच, हे आदेशात स्पष्ट लिहायला हवं. तिच्या हाती मोबाइल नको, मतदारयादी नको.

असो. दिवाळीला गावी येणाऱ्या मंडळींना एक विनंती. सुट्टी लागायच्या आत पोचलात तर सकाळी तासभर आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत जाऊन बसा. किती मुलं आली, बाई कितीदा वर्गातून उठल्या, ते मोजा. आणि मग मला सांगा, मी जास्त मागते आहे का?