विश्लेषण : राष्ट्रपतींची शांततेवरील भाषणे मराठीत, मूळ आवाजात का जपावीत?

दरवर्षी १४ ऑगस्ट आणि २५ जानेवारीला सायंकाळी राष्ट्रपती देशाला उद्देशून भाषण करतात. आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून ते आधी हिंदीत, मग इंग्रजीत प्रसारित होते. आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रे रात्री साडेनऊला आपापल्या भाषेतील रूपांतर ऐकवतात. म्हणजे राष्ट्रपतींचे भाषण वर्षातून किमान दोनदा मराठीत तयार होते. पण राष्ट्रपती परदेशी संसदेत बोलतात, पाहुण्या राष्ट्रप्रमुखासमोर युद्ध, शांतता आणि शेजारधर्माबद्दल बोलतात, ते गोंदियातील विद्यार्थ्याला मूळ आवाजात आणि मराठी मजकुरासह कुठे सापडावे? हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे.

राष्ट्रपतींचे भाषण नेमके कोणाचे?

राज्यघटनेच्या ७४ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रे त्यांनाच सादर करतात आणि भारताचे राजदूतही त्यांच्याच नावाने नेमले जातात. त्यामुळे राजनयाच्या व्यासपीठावरील त्यांचा शब्द देशाचा शब्द मानला जातो. तरीही प्रत्येक राष्ट्रपतींचा सूर निराळा असतो. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन भारतात आले. भारतीय उपखंड हे जगातील सर्वांत धोकादायक ठिकाण आहे, असे वर्णन त्यांनी दौऱ्यापूर्वी केले होते. राष्ट्रपती भवनातील मेजवानीत के. आर. नारायणन यांनी, क्लिंटन समोर असताना, त्याला उत्तर दिले : अशा भयसूचक वर्णनाने शांतता मोडू पाहणाऱ्यांनाच बळ मिळते. ही सरकारची भूमिका की राष्ट्रपतींची स्वतःची, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. नुसता मजकूर वाचून हा वाद सुटत नाही. वक्ता कुठे थांबला, कशावर भर दिला, हे ऐकावे लागते.

मजकूर असताना ध्वनिमुद्रण कशाला?

पहिले कारण, भाषणाचा परिणाम. १० जून १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी वॉशिंग्टनमधील अमेरिकन विद्यापीठात शांततेवर भाषण केले. सोव्हिएत वृत्तपत्रात ते पूर्ण छापले गेले आणि ५ ऑगस्टला मॉस्कोत अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार झाला. त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण आणि मजकूर आज केनेडी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळतो. भाषणानंतर काय घडले, हे माहीत असताना ते ऐकणे म्हणजे इतिहासाचा पुरावा तपासणे.

दुसरे कारण आजचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही आवाज बनवता येतो. राष्ट्रप्रमुखांच्या तोंडी घातलेले खोटे वाक्य व्हॉट्सअॅपवर मिनिटांत गावभर होते. ते खोटे ठरवायचे, तर अस्सल ध्वनिफीत सहज सापडली पाहिजे. ‘असे बोललेच नव्हते’ एवढे सांगून भागत नाही. ‘हे बोलले होते, ऐका’ असे दाखवता यायला हवे.

गोंदियाचा याच्याशी संबंध काय?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागतात. आंतरराष्ट्रीय सीमा इथून फार दूर. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ मध्ये, जिल्हा अखंड भंडारा असताना ती वसली. भारत आणि चीन यांच्यात २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटबाबत करार झाला आणि त्याच करारात पंचशील तत्त्वे लिहिली गेली. पुढे पाच वर्षांत, मार्च १९५९ मध्ये, दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो कुटुंबे आली. त्यातील काहींची पुढची पिढी धानाच्या या जिल्ह्यात वाढली. शांततेचे करार आणि शांततेवरील भाषणे दिल्ली-बीजिंगमध्ये होतात. ती फसली की त्यांचे परिणाम गोठणगावच्या शेजारी येऊन राहतात.

देवरी, सालेकसा भागातील गोंड समाजालाही याचे अप्रूप असायला कारण आहे. देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ऑगस्ट २०२४ मध्ये फिजीच्या संसदेत बोलल्या. ते भाषण इथल्या आश्रमशाळेतील मुलीला तिच्या भाषेत ऐकता आले, तर तिला परराष्ट्र धोरण हा फक्त स्पर्धा परीक्षेचा धडा वाटणार नाही.

भारतात जतन कोण करते?

काम झालेलेच नाही, असे नाही. मान्यवरांच्या भाषणांचे लिखित उतारे करण्यासाठी आकाशवाणीने १९५४ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू केला. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या भाषणांचा वेगळा संग्रहही आकाशवाणीकडे आहे. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर भाषणांचे मजकूर मिळतात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने सरकारी नोंदी सांभाळणे ही सरकारी कार्यालयांची जबाबदारी ठरवली. अडचण आहे ती ‘सांभाळणे’ आणि ‘खुले करणे’ यांतील अंतराची. या कायद्यात जुने अभिलेख पाहू देण्याची तरतूद प्रामुख्याने संशोधकांना समोर ठेवून केलेली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कृतींवर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. अमेरिकेत संघ सरकारच्या कृतींवर कॉपीराइट नसतो आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे अधिकृत अभिलेख जनतेच्या मालकीचे ठरले. एपीजे अब्दुल कलाम २५ एप्रिल २००७ रोजी युरोपीय संसदेत बोलले, त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत तिथल्या संसदेने खुला ठेवला आहे. आपल्या राष्ट्रपतींना ऐकण्यासाठी परक्याच्या दारी जावे लागू नये.

मग करायचे काय?

यावर आक्षेप येईल की खर्च कोणी करायचा आणि ऐकणार कोण. पण संग्रह आहे, मराठी रूपांतराची यंत्रणा आहे, मोबाइल गावोगावी आहे. उरतात तीन कामे. राष्ट्रपतींच्या भाषणांची मूळ ध्वनिमुद्रणे तारीख, स्थळ आणि प्रसंगासह एकाच ठिकाणी ठेवावीत. वर्षातील दोन भाषणांपुरती असलेली मराठीची सोय परदेशातील महत्त्वाच्या भाषणांनाही लागू करावी. आणि ही भाषणे शिक्षक, पत्रकार, विद्यार्थी यांना परवानगीच्या अर्जाशिवाय वापरता यावीत, असे सरकारने स्पष्ट जाहीर करावे.

शांततेवर बोलणे सोपे असते. बोललेले पाळले गेले का, हे तपासणे कठीण असते. ते तपासण्याचा अधिकार दिल्लीतील अभ्यासकाइतकाच अर्जुनी मोरगावच्या वाचनालयात बसलेल्या मुलाचाही आहे. त्यासाठी ते भाषण त्याच्या कानापर्यंत आधी पोहोचले पाहिजे.