हॅझर्ड म्हणजे डिझास्टर नव्हे

आपत्ती व्यवस्थापनावर व्याख्याने देणाऱ्या एका विद्वानांचे म्हणणे असे की, ‘हॅझर्ड’ आणि ‘डिझास्टर’ यांतला फरक इंग्रजीच्या प्राध्यापकांनी कुरवाळत बसावा. डोंगर कोसळला, माणसे गेली. शब्द कोणताही वापरा, दुःख तेवढेच. मराठीत ‘संकट’ म्हटले की भागते. आणि निसर्गापुढे कोणाचे चालते? एवढ्यावर त्यांचे विवेचन आटोपते.

मराठीत भागते, हे खोटे. ‘दरडीचा धोका आहे’ आणि ‘दरडीने घात केला’ या दोन गोष्टी कर्जतच्या बाजारात कोणीही वेगळ्याच समजतो. पहिली हॅझर्ड, दुसरी डिझास्टर.

राहिला निसर्ग. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले, 23 जुलैला शोध थांबवला. गाडीरस्ता नसल्याने यंत्रे वर नेता आली नाहीत. माती फावड्या-कुदळींनी उपसावी लागली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. यातले निसर्गाचे नेमके काय? उभा उतार, सलग मुसळधार पाऊस, भिजून जड झालेली माती. हा हॅझर्ड. रस्ता नसणे, यादीत नाव नसणे, झोपेतल्या माणसांना इशारा न मिळणे, हे काही ढगातून पडले नाही.

आता कर्जत-लोणावळा घाट पाहा. सह्याद्री तोच, पाऊस तोच. पावसाळ्याआधी रेल्वेचे कामगार कड्यावर चढून सैल झालेले दगड पहारीने पाडतात. कातळावर जाळ्या बसवतात, पावसात रुळांवर गस्त घालतात. तरीही दरडी येतात, गाड्या खोळंबतात, माती काढली की पुन्हा धावतात. तिथे हॅझर्ड दरवर्षी असतो; त्याचा डिझास्टर होऊ नये म्हणून माणसे राबतात. ‘निसर्गापुढे कोणाचे चालते’ हे रेल्वेला कोणी ऐकवत नाही. ते इर्शाळवाडीसारख्या ठाकर आदिवासींच्या वाड्यांना ऐकवले जाते.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा तरी या विद्वानांनी उघडावा. घटनेचे कारण नैसर्गिक असो, मानवी असो वा निष्काळजीपणाचे; मोठी हानी झाली आणि ती सोसणे तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेर गेले, तरच कायद्याने आपत्ती ठरते. नुसती दरड पुरत नाही.

30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, 22 जुलै 2021 ला तळिये गाव. दोन्ही वेळा ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळे होणारे होते आणि आम्ही तेव्हाही त्यांच्याशी भांडलो होतो.

आमचे मागणे थोडके आहे. डोंगराखालच्या प्रत्येक वाडीने मे महिन्यातच ग्रामसभेत धोका नोंदवावा: जमिनीला गेलेल्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा. यादीत नाव येण्याची वाट पाहू नये. तहसील कार्यालयाने ती नोंद घेऊन पावसाआधी जागा पाहायला माणूस पाठवावा. पंचनाम्यासाठी तो नाहीतरी येतोच.