लेस तेवढीच, कापड किती?

"भूमिती? नको गं बाई, नावसुद्धा काढू नकोस!" चार बायका जमल्या आणि मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला, की हे वाक्य येतंच. गंमत म्हणजे ते म्हणणारे हात त्या वेळी शंकरपाळ्यांवर कातणं फिरवत असतात. सारख्या अंतरावर आधी एकीकडून तिरक्या रेघा, मग दुसरीकडून. झाले की समभुज चौकोन! करंजी म्हणजे अर्धवर्तुळ. पोळी दोनदा दुमडली की वर्तुळाचा पाव भाग. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी काढताना आपण कापड 45 अंशांत तिरकं धरतो, तेही कंपासपेटी न उघडता.

हाताला सगळं येतं, फक्त नावं येत नाहीत. त्यानं काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. आमच्या शेजारच्या वहिनींमुळे माझं मत बदललं.

त्यांच्या माहेरच्या जागेची वाटणी ठरली. भावाला 33 फूट बाय 33 फुटांचा तुकडा, वहिनींना 50 बाय 16 चा. भाऊ म्हणाला, "ताई, दोन्हीकडे कुंपणाला तार 132 फूटच लागते. म्हणजे वाटणी सारखीच झाली की नाही?" त्याच्या मनात पाप नव्हतं, त्यालाही तसंच वाटत होतं. वहिनीही सहीला तयार झाल्या.

वहिनी घरी शिवणकाम करतात. त्या रात्री मशीनवर बसल्या आणि एकदम थांबल्या. सकाळी मला म्हणाल्या, "अहो, उशीच्या चौकोनी अभ्र्याला आणि लांबट पट्टीला लेस कधी कधी सारखीच लागते. पण म्हणून कापड कुठे सारखं लागतं?"

आम्ही दोघींनी कागद-पेन्सिल घेतली. भावाचा तुकडा 1089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. वहिनींचा 800. तब्बल 289 चौरस फुटांचा फरक! लेस म्हणजे परिमिती आणि कापड म्हणजे क्षेत्रफळ. शाळेत पाठ केलेले हे दोन शब्द आम्हाला त्या दिवशी खरे कळले.

वहिनींनी तो कागद भावापुढे ठेवला. दोन दिवस तो गप्प होता. मग त्याचा फोन आला, "ताई, पुन्हा आखून घेऊ."

हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण कायद्यानं दिलेला वाटा नकाशावर पुरता उतरलाय का, हे बघायला आपल्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात. "मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही कराल ते बरोबर" असं म्हणून सही करण्यात कसला आलाय मोठेपणा?

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करूया. मुलीसमोर "मला नाही बाई गणित जमत" म्हणणं आधी बंद करूया. शंकरपाळे कापताना, लेस लावताना तिला त्या आकारांची नावं सांगूया, म्हणजे आपल्यालाही ती आठवतील. आणि जागेच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी लांबी-रुंदीचा गुणाकार आपल्या हातानं करून बघूया. लेस मोजून कापडाचा हिशेब लागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?