दावा चालावा कोठें?

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. त्यांच्या चिरंजीवांवर अमेरिकेंत क्रेडिट कार्डाच्या बाकीसाठीं दावा लागला असून, तो राज्याच्या न्यायालयांतून 'वरच्या', म्हणजे फेडरल, न्यायालयांत नेल्यास न्याय अधिक चोख मिळेल काय, असें त्या पुसतात.

'वरच्या' हा शब्द प्रथम खोडला पाहिजे. (पंतोजीची ही खोड जात नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी.) राज्यांचीं आणि संघराज्याचीं न्यायालयें हे तेथें शेजारशेजारचे दोन वाडे आहेत, एक दुसऱ्याचा माळा नव्हे. उधारी हा कराराचा विषय, म्हणून दावा राज्याच्या कायद्याखालीं. प्रतिवादीस दावा हातीं पडल्यापासून ३० दिवसांच्या आंत तो फेडरल न्यायालयांत नेतां येतो खरा. परंतु मुळांत तेथें लावतां आला असता असाच दावा. पक्षकार भिन्न राज्यांचे असल्यास तंट्याची रक्कम ७५,००० डॉलरांहून अधिक लागते; कार्डाची बाकी तेथवर क्वचितच पोहोंचते. वसुलीवाल्यांच्या छळाविरुद्ध १९७७ चा फेडरल कायदा आहे. पण ती तक्रार प्रतिदावा म्हणून जोडल्यानें मूळ दावा जागचा हलत नाहीं. भलताच दावा नेला तर तो परत येतो आणि खर्चहि अंगावर पडूं शकतो.

हें बंधन मोठ्या दुकानदारांसहि सुटलेलें नाहीं. २०१६ सालीं सिटीबँकेनें नॉर्थ कॅरोलायनांत एका गृहस्थावर होम डेपो या दुकानाच्या कार्डाच्या बाकीचा दावा लावला. गृहस्थानें प्रतिदाव्यांत होम डेपोसच ओढलें. पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रें लोकांची दिशाभूल करून चढ्या भावानें विकलीं, ही त्याची तक्रार. आणि तीहि तशा सर्व गिऱ्हाइकांच्या वतीनें. बँकेनें आपला दावा काढून घेतला. मग होम डेपोनें प्रकरण फेडरल न्यायालयांत नेलें. २००५ च्या कायद्यांत 'कोणताहि प्रतिवादी' असे शब्द आहेत, तेव्हां तो अधिकार आपणांसहि आहे, हें त्याचें म्हणणें. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तें अमान्य केलें. प्रतिवादी म्हणजे मूळ दाव्यांतला. 'कोणताहि' या विशेषणानें विशेष्याचा अर्थ पालटत नाहीं. एका शब्दावर नऊ न्यायमूर्ति दुभंगावे! आमच्या शास्त्रीबोवांस हा शास्त्रार्थ ऐकून केवढा संतोष झाला असता.

भगिनींनीं चिरंजीवांस कळवावें कीं, कोर्ट कोणतें हा वाद तूर्त बाजूस ठेवून समन्सावर उत्तराची मुदत काय आहे तें आजच पाहावें आणि तेथील वकिलास कागद दाखवावे. मुदत टळली तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि अनेक राज्यांत पुढें पगारावर जप्ती येते. बाकी खरोखर किती, हें मात्र पत्रांत लिहिलेलें नाहीं. चिरंजीवांनीं आईस तें सांगितलेलें दिसत नाहीं.