डब्यात रोज तेच



'माझा आवडता पदार्थ' हा निबंध दिला की निम्म्या वह्यांतून पुरणपोळीच निघते. निबंधमालेत तीच छापलेली असते ना! म्हणून नाशिक रोडच्या माझ्या चौथीच्या वर्गाला यंदा मी विषय दिला, 'डब्यात रोज तेच'.

एकाने लिहिलं, "सोमवारी बटाटा. मंगळवारी बटाट्याचा भाऊ. बुधवारी दोघं मिळून आले." वर्ग हसून लोटपोट. मीही हसले, आणि सवयीने लाल पेनाने शेरा मारला, 'विषयाला धरून लिही.' पोराने वही मिटली. पुढच्या निबंधात त्याचीही पुरणपोळीच.

खरं तर तो विषयाला धरूनच होता. १९७० साली बीबीसीवर 'मॉन्टी पायथन'च्या मंडळींनी हेच केलं होतं. हॉटेलात जवळजवळ प्रत्येक पदार्थात 'स्पॅम' हे डबाबंद मांस, आणि गिऱ्हाईक बाईंना नेमकं तेच नको! युद्धकाळात आणि पुढे १९५४ पर्यंत रेशनवर जगलेल्या इंग्रजांना तो डबा चांगलाच ओळखीचा होता. नको असलेल्या ई-मेलला आपण 'स्पॅम' म्हणतो, तेही त्यावरूनच. आपल्या पु.लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' आठवा. वजन उतरवायला निघालेला एक माणूस, आणि काय खावं, काय सोडावं हे सांगणारी अख्खी चाळ. दोन्हीकडे विनोद ताटातूनच आला.

आपण मात्र विनोदी पाठावर 'कारणे लिहा' विचारतो.

काल मी तो शेरा खोडला. शनिवारी परिपाठात तो उतारा वाचणार आहे. फक्त त्याची एक तक्रार आहे, आईने वही वाचली आणि आता डब्यात रोज गवार येते.