यादीत नाव नसलेल्यांचा प्रश्न

मावळातील कुरवंडे हे गाव आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या शेजारी आहे. अशा केंद्राच्या दारावर पहारेकऱ्याने येणाऱ्याचे नाव विचारावे आणि यादीशी ताडून पाहावे, यात वावगे काही नाही. परंतु तोच पहारा जेव्हा गावातील शिधावाटप दुकानाच्या दाराशी येऊन बसतो, तेव्हा राज्यकर्त्यांना नागरिक कोण वाटतो आणि आगंतुक कोण, हा राजकीय प्रश्न उभा राहतो.

हा पहारा आता माणूस करीत नाही, संगणकांचे जाळे करते. म्हणून त्याची रीत कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. १९९० साली हॉलंडमधील आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात एक घुसखोर संगणकांत वारंवार शिरून सारी माहिती पुसून टाकीत होता. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी वित्से वेनेमा यांनी 'टीसीपी रॅपर' ही आज्ञावली लिहिली. दाराशी आलेला संगणक आपल्याबरोबर केवळ आकड्यांचा पत्ता आणतो. पहारेकरी नामसूचीला विचारतो, या पत्त्याचे नाव काय? मिळालेले नाव पुन्हा सूचीला देऊन विचारतो, या नावाचा पत्ता काय? दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर संशय धरतो. पलीकडे कोण माणूस बसला आहे, हेही विचारता येते. मात्र त्याचे उत्तर पलीकडचाच संगणक देतो, म्हणून त्यावर विसंबू नये, अशी ताकीद या आज्ञावलीच्या माहितीपत्रकातच आहे. नामसूचीच काही काळ बंद पडली तर निर्दोष माणूसही अनोळखी ठरतो, हेही तेथे बजावले आहे.

सर्वांत लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. या पहारेकऱ्याजवळ दोन याद्या असतात. पहिल्या यादीत ज्याला परवानगी आहे त्याला आत सोडायचे. पहिलीत नसून दुसऱ्या, मनाईच्या यादीत ज्याचे नाव आहे त्याला अडवायचे. आणि ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यालाही आत सोडायचे! दुसऱ्या यादीत 'सर्वांना मनाई' असे लिहून दार बंद करता येते, पण तसे कोणी तरी जाणूनबुजून लिहावे लागते. शिवाय आलेल्या प्रत्येकाची नोंद होते.

चोरापासून यंत्र राखण्यासाठी केलेल्या व्यवस्थेत जेवढी उदारता आहे, तेवढी भुकेल्याला धान्य देणाऱ्या व्यवस्थेत नसावी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क ठरविला. तथापि अंगठ्याचा ठसा उमटला नाही, जाळे बंद पडले, नाव जुळले नाही, की हक्क दाराबाहेर राहतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्न मंत्रालयानेच राज्यांना कळविले होते की, केवळ आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणास धान्य नाकारू नये. हे पत्र किती दुकानांत वाचले गेले असेल?

नाव न जुळणे म्हणजे लबाडी नव्हे. 'कुरवंडे' हेच नाव इंग्रजीत कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. आधारवर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे, ही तर महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांची स्थिती. मराठी समाज लग्नानंतर बाईचे नाव बदलतो आणि यंत्र तिलाच विचारते, तू खरी कोणती?

'लाडकी बहीण' योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या पडताळणीने तर कहर केला. दीड हजार रुपयांसाठी बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. ज्यांना पतीही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांची सोय मागाहून करावी लागली. संगणकशास्त्राने जी परक्याची साक्ष अविश्वसनीय मानली, ती येथे बाईच्या ओळखीचा आधार ठरली.

या योजनेत पुरुषांनी आणि सरकारी नोकरीतील महिलांनीही पैसे उचलल्याचे २०२५ मध्ये उघड झाले, हे खरे आहे. त्यांची नावे मनाईच्या यादीत घालून वसुली अवश्य करावी. त्यासाठी विधवेला रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

पक्षाच्या शाखांनी येत्या ग्रामसभांत दोन ठराव मांडावेत. धान्य वा अनुदान नाकारताना कारण, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी त्या व्यक्तीच्या हाती दिली जावी. आणि यादीतून वगळलेली नावे ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावीत. पत्ता आणि नाव ताडून पाहण्याचे काम गावाइतके चोख कोणतीही नामसूची करीत नाही.