न्हाणीघरातील दगडी फरशी

बंगळुरू हे दगडावर वसलेले शहर आहे. लालबागेतील टेकडीचा उघडा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. १९५६ साली पूर्ण झालेले भव्य विधानसौध हेही ग्रॅनाइटचेच. अशा गावी घर करणाऱ्यास न्हाणीघरातही दगडच बसवावा असे वाटले, तर त्यात नवल ते काय! मराठी कुटुंबांना तर मोरीतली शहाबादी फरशी पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची. आणि ते शहाबादही कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यातच आहे.

परंतु वाचकहो, एक गोष्ट आरंभीच ध्यानी घ्यावी. न्हाणीघरात पाणी अडविण्याचे काम दगड करीत नाही. दोन फरश्यांमधील सांध्यांतून थोडेफार पाणी खाली झिरपतेच. ते अडवावयाचे असते फरशीखालच्या जलरोधक थराने, आणि वाहून न्यावयाचे असते उताराने. या दोन्ही गोष्टी काम पुरे झाल्यावर दिसत नाहीत. म्हणूनच त्यांत हयगय होते, आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छताला ओल येऊन दोन्ही घरांत कटुता येते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम नळ पक्के बसवून त्यांची गळती तपासावी. मग पाणी जाण्याच्या जाळीकडे, दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर, असा उतार गवंड्याकडून काढून घ्यावा. त्या जाळीखालच्या भांड्यास बांधकामात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या ‘न्हाणी’ची आठवण करून देणारेच हे नाव! उतारावर जलरोधक लेपाचे दोन हात, एक उभा व एक आडवा, द्यावेत. हा लेप भिंतींवरही चढला पाहिजे. शॉवरखाली तर पुरुषभर उंचीपर्यंत.

लेप वाळल्यावर जाळीचे तोंड बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि ते दोन दिवस तसेच ठेवावे. खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. या दोन दिवसांसाठी कंत्राटदार घाई करील. आपण करू नये. फरशी बसल्यानंतर दोष सापडला, तर सारे काम उखडण्यावाचून गत्यंतर नसते.

आता दगडाची निवड. पायांखाली गुळगुळीत, चकाकणारा दगड नको. साबणाच्या पाण्यावरून घरातील वृद्धांचा पाय घसरतो. खरखरीत पृष्ठाचा ग्रॅनाइट घ्यावा. भिंतीसाठी पातळ फरशी बरी. कारण २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरतो. फरशीच्या पाठीला सर्वत्र मसाला लागला पाहिजे. बसविल्यावर लाकडाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, तर ती काढून पुन्हा बसवून घ्यावी. सांधे दोन-तीन मिलिमीटरचे ठेवून इपॉक्सीने भरावेत; भिंत व जमीन जेथे मिळतात, तेथे मात्र लवचीक सिलिकॉन भरावे.

शहाबादी किंवा कोटा फरशी घेणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. हे चुनखडीचे दगड आहेत. बंगळुरूत अनेक घरी कूपनलिकेचे जड पाणी येते आणि फरशीवर पांढरे थर बसतात. ते काढण्यास ॲसिड ओतले, की थराबरोबर दगडही खाल्ला जातो. कारण दोहोंत चुनाच असतो. फरशी विकत घेण्यापूर्वी तिच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावेत. निस्तेज डाग उमटला, तर हा दगड आम्लाला भितो असे समजावे. अशा फरशीस सौम्य साबण पुरे. आणि स्नानानंतर पाणी निपटून घेण्याची सवय मुलांना लावली, तर थर बसणारच नाहीत.

दगड आपल्या नातवंडांनाही पुरेल इतका टिकाऊ आहे. त्याच्याखाली काय घातले, यावर मात्र सारे अवलंबून आहे. तेव्हा गवंडी कामाला लागेल, त्या दिवशी आपण स्वतः घरी हजर असावे, हे उत्तम.